पाचांसमोरचा कौल

॥ श्री वाघजाई ॥
मु. आंबेटेक, ता. जावळी, जि. सातारा
१ ऑक्टोबर १९७५

धरणेंद्र अण्णा,

तुमचं क्षमावाणीचं कार्ड काल पोहोचलं. पोस्टमन आमच्याकडे आठवड्यातून दोनदाच चढतो, म्हणून उशीर. कार्ड छापील आहे. वर्षभरात कळत-नकळत आमच्याकडून आपलं मन दुखावलं असेल तर हात जोडून क्षमा मागतो, असं लिहिलं आहे. खाली तुमचं आणि तुमच्या आईंचं, आक्काताईंचं, नाव. वर माझं नाव शाईनं.

पर्युषण संपलं की तुमच्यात अशी कार्डं सगळ्यांना जातात हे मला तुमच्या भावानं, जिनदत्तानंच सांगितलं होतं. दोन वर्षांमागं त्याचं कार्ड आलं, तेव्हा डिसेंबरात तो इथं आल्यावर मी त्याला विचारलं, "मालक, तुमी माझं काय वाईट केलंय, माफी मागायला?" तो म्हणाला, "न्हाई केलं काका. पुढं कवातरी करीन, त्याची आदीच मागून ठेवली." आम्ही दोघं हसलो होतो.

जानेवारीत मी तुम्हाला पत्र घातलं होतं. त्याचं उत्तर आलं नाही, येईल असं वाटलंही नव्हतं. त्यामुळं या कार्डावर तुम्ही माझं नाव जाणून लिहिलंत, की पेढीवरच्या जुन्या यादीत राहिलं होतं म्हणून कुणी लिहिलं, हे कळत नाही. कार्ड हातात घेऊन मी सोप्यात बसलो होतो. राहीबाई, म्हणजे आमची मंडळी, नाचणी पाखडत होती. म्हणाली, "कुनाचं हाय?"

"सांगलीचं."

"काय म्हंत्यात?"

"माफी मागत्यात."

तिचं सूप थांबलं. "त्यांनी?" एवढंच म्हणाली, आणि परत पाखडायला लागली.

आता ज्या कारणासाठी लिहितो आहे ते. मानसिंगमास्तरांचं पत्र आलं. शाळेनं त्यांना कामावरून थांबवलं आहे, दिवाळीनंतर संस्थेची बैठक आहे आणि त्या मंडळात तुम्हीही आहात. म्होरक्या असताना सोबत आलेल्या माणसाला वेगळ्या वाटेनं जाऊ दिलं, हा त्यांचा दोष धरला आहे. अण्णा, एकाहत्तर सालापासून मास्तर दर नाताळच्या सुट्टीत व्यायाम मंडळाची आठ-दहा माणसं घेऊन आमच्या डोंगरात येतात. पहिल्या साली तुम्हीही होता आणि पायाला फोड आले म्हणून दोन दिवस देवळातच बसून होता. मास्तर म्हणजे पलटणीतून आलेला माणूस. रोज सकाळी माणसं मोजायचे, संध्याकाळी मोजायचे. त्यांच्याकडून हयगय होणार नाही.

गेल्या नाताळात त्या दिवशी आम्ही सगळे सड्यावर, डोंगरमाथ्याच्या सपाटीवर होतो. बाकीचे सात जण मास्तरांबरोबर खिंडीच्या रुंद वाटेनं फिरून उतरणार होते. जिनदत्ताला दिवस मावळायच्या आत जेवायचं असायचं, हे तुम्हाला ठाऊक आहे. पाणीसुद्धा तो फडक्यानं गाळून प्यायचा. आमची माणसं चिडवायची, "आमच्या पान्यात काय वाघ हाय व्हय रं?" तर तो म्हणायचा, "वाघ दिसतो की गड्या. दिसत न्हाई ते गाळतोय." तर त्या दिवशी लवकर गावात पोहोचावं म्हणून तो माझ्याबरोबर घळीच्या जवळच्या वाटेनं उतरला. मास्तरांनी त्याला मला सोपवलं. मी वाटाड्या, मी या देवीचा गुरव, माझा जन्म या घळीत गेला. यात त्यांनी काय चूक केली?

घळ संपते तिथं, देवराईच्या तोंडाशी, पायाखालचा दगड सुटला आणि तो दोन पुरुष खाली गेला. मांडीचं हाड मोडलं. मी त्याला देवळाच्या पडवीत आणून ठेवलं, माझं घोंगडं घातलं, आणि माणसं आणायला गावात उतरलो. उतरताना धुकं दाटलं, वाट चुकली, त्यात वेळ गेला. माणसं घेऊन वर आलो तेव्हा दिवस अजून मावळला नव्हता, पण तो गेला होता.

हे सगळं तुम्हाला जानेवारीत लिहिलं होतंच. परत लिहिलं ते मास्तरांसाठी. डोंगराला आणि धुक्याला माणूस काय करणार? त्यांची भाकरी काढू नका.

पितृपक्ष चालू आहे. मी रोज एक घास त्याच्या नावानं बाहेर ठेवतो. तुमच्यात हे चालत नसलं तर राग मानू नये.

केरबा गुरव


१९ ऑक्टोबर १९७५

धरणेंद्र अण्णा,

तुमच्या पत्रात चारच ओळी आहेत. मी ते आठवडाभर खिशात घेऊन हिंडलो. नवरात्राची पूजा करताना ते खिशात होतं, दसऱ्याला सोनं वाटतानाही होतं.

तुम्ही विचारलंत, खिंडीतून उतरलेले सातही जण म्हणतात त्या दिवशी कोयनेच्या पाण्यापर्यंत दरी स्वच्छ दिसत होती, मग तुमच्याच वाटेवर धुकं कुठून आलं?

धुकं नव्हतं.

वाट मी चुकलो नाही. माझा वेळ देवळात गेला. आता नीट लिहितो. मास्तरांना यातलं काही ठाऊक नाही. गावात कुणाला ठाऊक नाही, राहीबाईलासुद्धा नाही.

आमच्या देवराईचा नियम तुम्ही पहिल्या साली ऐकला होता. तिथलं पान तोडायचं नाही, आणि पडलेलं लाकूडही उचलायचं नाही. झाड पडलं तर ते तिथंच कुजायचं. ते देवीचं. कुणाला फारच नड असली तर गुरवानं कौल लावायचा. देवीच्या उजव्या आणि डाव्या अंगाला ओली फुलं चिकटवायची, गाऱ्हाणं घालायचं आणि बसायचं. उजवं आधी पडलं तर होकार. डावं पडलं तर नकार.

जिनदत्त पडला तेव्हा दुपारचे दोन वाजले असतील. मांडी सुजत चालली होती, आणि तो थंडीनं नुसता कुडकुडत होता. ती पडवी कड्याच्या सावलीत, तिथं डिसेंबरात ऊन येतच नाही. चारी बाजूंना वाळलेलं जळण पडलं होतं, अण्णा. हात लांब केला तर हाताला लागेल इतकं. माझ्याजवळ काडेपेटी होती. आगटी पेटवली असती तर त्याला ऊब मिळाली असती, आणि दुसरी गोष्ट अशी की देवराईतून धूर निघालेला आमच्या गावानं पिढ्यान् पिढ्या पाहिलेला नाही. धूर दिसता तर सगळा गाव तास-दीड तासात वर आला असता. मला झोडपायला का होईना, पण आला असता, आणि मी त्याच्यापाशीच राहिलो असतो.

मी काडी ओढली नाही. म्हटलं, देवीला विचारू. सकाळच्या पूजेच्या झेंडूची दोन फुलं भिजवून लावली आणि बसलो. फुलं पडेनात. हवेत दमटपणा होता. मी गाऱ्हाणं परत घातलं, तिसऱ्यांदा घातलं. तो पडवीतून म्हणाला, "काका, देवी झोपली असंल तर हाका मारू का?" त्या अवस्थेतही थट्टा करत होता. तासभर तरी गेला.

मग डावं फूल पडलं.

देवीनं नाही म्हटलं, अण्णा. मग मी लाकडाला हात लावला नाही. त्याला एकटं ठेवून खाली गेलो. तास उतरायला, दीड तास माणसं गोळा करून चढायला. तालुक्याच्या डॉक्टरांनी मास्तरांना सांगितलं ते मी बाजूला उभा राहून ऐकलं होतं. आत रक्त गेलं, पण गारठ्यानं जास्त केलं, म्हणाले.

देवीचा नकार असताना मी काय करायचं होतं, हे मला आजही कळत नाही. पण एवढं खरं, की वेळ मी घालवला, मास्तरांनी नाही. हे पत्र बैठकीत वाचून दाखवा. माझं नाव घ्या.

केरबा गुरव


२१ नोव्हेंबर १९७५

धरणेंद्र अण्णा,

मास्तरांचं पत्र आलं. त्यांना कामावर घेतलं, आणि तुम्ही स्वतः उठून त्यांची बाजू मांडलीत. त्यांनी लिहिलं आहे, "केरबा, माझी अब्रू वाचली." तुमचे उपकार आहेत.

तुमचंही पत्र मिळालं, आणि ते वाचल्यापासून चित्त थाऱ्यावर नाही. आक्काताईंनी माझं पत्र ऐकलं, मग व्यायाम मंडळातल्या मुलांना घरी बोलावून विचारलं, आणि त्या दिवशी माझ्याबरोबर वर आलेल्या एकानं सांगितलं की पडवीत जिनदत्ताच्या पायात बूट होता. तेव्हापासून त्या म्हणतात, माझं पोरगं बूट घालून देवीच्या ठिकाणी गेलं, म्हणून तिनं लाकूड नाकारलं. त्यांनी मीठ सोडलं आहे, आणि इथं येऊन मुलाच्या वतीनं देवीपुढं डोकं टेकल्याशिवाय परत धरणार नाहीत, असं तुम्ही लिहिता.

अण्णा, त्यांना आणू नका. मेढ्यापासून पुढं गाडी येत नाही. गावापासून देवराईपर्यंत तास-दीड तासाचा उभा चढ आहे. त्यांचं वय सत्तर. थंडी पडायला लागली आहे. तुमच्या धर्मात प्रत्येकाचं ज्याचं त्याचं कर्म सांगितलं आहे, असं जिनदत्त म्हणायचा. तसंच त्यांना समजावा. देवी कुणावर राग धरून बसत नाही.

बुटाचं एवढं मनाला लावून घेऊ नये असं सांगा. मिठाशिवाय या वयात माणूस खचतं.

केरबा


१२ डिसेंबर १९७५

धरणेंद्र अण्णा,

तुम्हाला जाऊन पाच दिवस झाले. तुम्ही सुखरूप पोहोचला असाल. आक्काताईंचे गुडघे कसे आहेत?

त्या दिवशी तुम्ही देवळाबाहेर उभे होता, म्हणून आत काय झालं ते तुम्ही पाहिलं नाही. मी पाहिलं. देवराईची हद्द लागली तशी त्यांनी चपला काढल्या आणि तिथून अनवाणी चालल्या. गावच्या बायकांनी पाणी पुढं केलं, ते त्यांनी घेतलं नाही, सांगलीहून गाळून आणलेल्या कळशीतलंच घोटभर घेतलं. आमचे नानासो पाटील म्हणाले, "लेकाचंच वळण." मग त्या आत आल्या. उंबऱ्यावर डोकं टेकलं आणि तिथंच राहिल्या. मी शेजारी अंगाऱ्याचं ताट धरून उभा.

"आई," त्या म्हणाल्या, "माज्या लेकराचं चुकलं. शहरातलं पोरगं, त्याला काय ठावं? बुटाचा पाय लावला तुज्या उंबऱ्याला. आता त्यो न्हाई, तर मी मागती. पदरात घे."

तीन वेळा म्हणाल्या. नानासोंसारखा माणूस डोळे पुसत होता. मग त्या माझ्याकडं वळल्या. "गुरवा, आता गेला का रं तिचा राग?"

मी म्हणालो, "गेला, आक्का."

त्यांनी माझ्या हातून अंगारा लावून घेतला. मला दोन्ही हात जोडले. अण्णा, त्या शब्दानंतर मला अन्न गोड लागत नाही. म्हणून हे पत्र. ऑक्टोबरच्या दोन पत्रांत जे लिहिलं त्यात पहिलं सगळं खोटं होतं आणि दुसरं अर्धं. आता उरलेलं.

बूट त्याला मी घातला. देवराईच्या हद्दीवर त्यानं बूट काढून गळ्यात अडकवले होते, मीच त्याला पहिल्या साली तसं शिकवलं होतं. तो अनवाणी होता. आमच्या दगडांना त्याचे पाय सरावलेले नव्हते. मी अनेकदा मनात म्हटलं आहे, बूट असता तर पाय सुटला नसता. पडवीत त्याचे पाय बर्फासारखे झाले. मोडलेल्या पायाला हात लावू देईना, म्हणून चांगल्या पायात मी बूट चढवला आणि नाड्या बांधल्या. देवीच्या पडवीत. तेवढा नियम मी मोडला. तुमच्या आईनं डोकं टेकलं ते माझ्या कृत्यासाठी.

आणि कौल.

उजवं फूल पडलं होतं.

देवीनं होय म्हटलं होतं, अण्णा. तासाभरानं का होईना, स्वच्छ होय म्हटलं. मी देवीवर आळ घेतला. तिच्या तोंडी माझा नकार घातला, आणि तुम्ही तो मानलात, मास्तरांना सोडलंत, आणि तुमच्या आईनं मीठ टाकलं.

जिनदत्तानं पाहिलं. त्याची मान गाभाऱ्याकडं होती. फूल पडलं तसं त्याचं तोंड उजळलं. "काका, उजवं न्हवं का ते?"

मी म्हणालो, "न्हाई. देवीचं उजवं येगळं. तुला उलटं दिसतंय."

त्यानं परत फुलाकडं पाहिलं. मग म्हणाला, "बरं. तुमचा नेम तुमाला ठावं." डोळे मिटले. मी निघालो तेव्हा म्हणाला, "लय येळ लावू नका." हे त्याचं शेवटचं बोलणं मी ऐकलेलं.

का केलं, तेही लिहितो. बारा वर्षांमागं गावातल्या अर्जुनानं देवराईतली पडलेली जांभळीची फांदी घराच्या आढ्याला नेली. तो सांगत होता, मी कौल लावला, उजवा पडला. नानासोंनी मला विचारलं, गुरव म्हणून तुजं काय म्हननं? मी म्हणालो, एकट्यानं लावलेला कौल कौल न्हवं. पाच माणसांसमोर पडंल त्योच खरा. माझ्या शब्दावर गावानं अर्जुनाला तीन वर्षं वाळीत टाकलं. विस्तव बंद, पाणी बंद. त्याची बायको बाळंत झाली तेव्हा शेजारची बाई गेली नाही. मूल राहिलं नाही. तो नियम माझा आहे. जुना नाही, देवीचा नाही, माझाच.

त्या दुपारी मी एकटा होतो. आगटी पेटवली असती तर गाव वर आलं असतं आणि नानासोंनी विचारलं असतं, कुनासमोर पडला? मी गाभाऱ्यात उभा राहून हा विचार केला. एक माणूस थंडीनं मरत होता आणि मी विचार केला की माझी पूजा जाईल, आणि उद्या अर्जुना माझ्या दारासमोरून हसत जाईल. माणसं खाली आहेत, दोन-अडीच तासांत येतील, पोरगा तरणा आहे, निभावंल, असं मनाला सांगितलं. मला देवीची भीती नव्हती. तिनं तर होकार दिला होता. मला गावाची भीती होती.

पन्नाशीला आलो. सातवीपर्यंत शिकलो, रोज दोन वेळा देवीपुढं दिवा लावला, कुणाचं फुकटचं पानसुद्धा खाल्लं नाही. मला वाटायचं आपण भाविक आहोत.

हे आक्काताईंना वाचून दाखवा. तुम्हाला वाटेल, आता त्यांना शांती मिळाली आहे, कशाला? पण त्यांना मिळालेली शांती पोराला दोषी धरून मिळालेली आहे. तो निर्दोष होता. त्यांनी मीठ सोडायचं कारणच नव्हतं.

केरबा


२५ जानेवारी १९७६

अण्णा,

तुमचं पत्र महिन्यानं आलं. तुमचा शब्द त्यात एकही नाही, फक्त आक्काताईंचा निरोप. "मला सांगून काय उपेग? जितं मी डोकं टेकलं तितं सांग." मी तसं केलं. काय झालं ते कळवतो.

पौषाच्या पुनवेला देवीपुढं गाव जमतं. पूजा झाल्यावर मी नारळ फोडला नाही. म्हणालो, आदी माझं ऐका. आणि सगळं सांगितलं. धुकं, बूट, डाव्या कौलाचं खोटं, उजवा कौल, जिनदत्ताला दिलेलं उत्तर. अर्जुनाचं नाव घेऊन सांगितलं. तो मागं खांबाला टेकून उभा होता.

मग नानासो म्हणाले, "केरबा, त्यो उजवा पडलेला कुनी बगितला?"

"जिनदत्तानं."

"त्यो कुटं हाय आता?"

मी पडवीकडं पाहिलं.

"गड्या, म्हातारी येऊन गेल्यापासनं तुजं डोकं ठिकान्यावर न्हाई," नानासो म्हणाले, आणि ते रागानं नाही, मायेनं म्हणाले. "देवी पोराच्या जिवाला नाई म्हनली. तुजा काय दोस? तू नेम पाळलास."

कुणीतरी म्हणालं, "नेमाला जागला म्हून तर गाव हाय."

मी ओरडलो, "नेम देवीचा न्हवता! तिनं होय म्हनलं हुतं!"

तेव्हा मागून अर्जुना बोलला. "मग लावा की कौल. पाचांसमोर. ह्येचं खरं का खोटं, देवीच सांगंल. नेम ह्येनंच घातलाय." कुणी हसलं नाही.

मला गाभाऱ्याबाहेर बसवलं. माझ्या चुलतभावानं फुलं लावली, पाच जण आत बसले, नानासोंनी गाऱ्हाणं घातलं. "आई, केरबा म्हंतो तू त्या दिशी होय म्हनलीस. खरं असंल तर उजवं दे, खोटं असंल तर डावं." मी डोळे मिटले नाहीत. पहिलं फूल पडायला फार वेळ लागला नाही. डावं पडलं.

सगळ्यांनी हात जोडले. नानासोंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "सुटलास," म्हणाले. बायकांनी राहीबाईला हळदीकुंकू लावलं. मला शिक्षा झाली नाही, अण्णा. कुणी पाणी बंद केलं नाही. उलट दुसऱ्या दिवशी दोन घरांतून दूध आलं. गावात आता सांगतात, केरबा गुरवानं परका जीव गेला तरी नेम सोडला नाही. पोरांना सांगतात.

संध्याकाळी अर्जुना ओढ्यावर भेटला. म्हणाला, "मला खरं वाटतंय तुजं."

मी म्हणालो, "मग तितं का न्हाई बोललास?"

"माज्या येळंला तू बोलला हुतास का?" बादली भरून निघून गेला. त्याच्याशी बारा वर्षांत माझं एवढंच बोलणं झालं.

पूजा मी सोडली. चुलतभावाकडं देवळाची किल्ली दिली. राहीबाई म्हणाली, "देवीनं तुमाला निर्दोस ठरवलं, आन् तुमीच तिच्याशी भांडताय." ती जेवायला वाढते, पण माझ्याशी बोलताना आता तोंडाकडं बघत नाही. डोकं फिरलेल्या माणसाशी बोलावं तसं हळू बोलते.

मी आठ दिवस विचार केला. मी असंही मानून पाहिलं की तेच खरं असेल. थंडीत, घाबरलेल्या माणसाला उजव्याचं डावं दिसू शकतं. असं मानलं तर रात्री झोप लागेल, गावात मान राहील, देवीशी वाकडं राहणार नाही. पण मग जिनदत्तानं काय पाहिलं? त्यानं विचारलं होतं, उजवं न्हवं का ते. तो घाबरलेला नव्हता. त्याला तर हसू आलं होतं.

हे पुढचं आक्काताईंना वाचून दाखवा, अण्णा. त्यांनाच लिहितो आहे.

आक्का, तुमच्या सांगण्यावरून मी तिथं सांगितलं. देवीनं पाचांसमोर मला खोटं पाडलं. तिच्या शब्दाविरुद्ध जायचं माझ्या कुळात कुणी केलं नाही. तरी लिहितो. पुनवेचा कौल खरा नाही. त्या दुपारी उजवं फूल पडलं होतं. तुमच्या लेकानं पाहिलं, आणि मी पाहिलं.

केरबा